व्हेल शार्कसोबत पोहायचंय: मालदीव, ओस्लोब की अजून कुठे?

चाफेकळी | ७ ऑगस्ट, २२:४१

नमस्कार मंडळी. प्रवास विभागात शोधलं, पण लक्षद्वीपच्या जुन्या धाग्यांपलीकडे काही हाती लागलं नाही, म्हणून नवा धागा काढतेय.

डिसेंबर-जानेवारीत व्हेल शार्कसोबत पोहायला जायचं घाटतंय. मी, नवरा आणि माझी आई. आईचं वय ६१. शिवाजी पार्कच्या तलावावर सकाळच्या बॅचला वर्षानुवर्षं जाते, दम चांगला आहे, माझ्याहून तर नक्कीच. समुद्रात मात्र कधी पोहलेली नाही. तिनेच कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि "ती बाई माझ्याच वयाची दिसतेय" म्हणून मागे लागली आहे. नवऱ्याला पोहता येतं, असं तो म्हणतो.

ऑफिसातली मैत्रीण फिलिपिन्सला ओस्लोबला जाऊन आली. तिचं म्हणणं, डोळे झाकून तिथेच जा, शार्क दिसणारच, अर्ध्या तासात मोकळे, फोटो एक नंबर. एजंट मालदीव सुचवतोय आणि त्याच दमात "दिसेलच असं नाही हं मॅडम" असंही सांगतोय. एवढा खर्च करून नुसतं पाणी बघून परत यायचं का? आईला झेपेल का? आणि हा प्राणी खरंच काही करत नाही ना?

ढोबळी_मिरची | ७ ऑगस्ट, २२:५८

मोरीसोबत (म्हणजे शार्कसोबतच) पोहायला परदेशी कशाला? आमच्या गल्लीतल्या मालवणी खानावळीत ती दर बुधवारी ताटात येते. (हलके घ्या)

नीलमणी | ७ ऑगस्ट, २३:५०

ढोबळीकडे लक्ष देऊ नका, तो प्रत्येक धाग्यावर जेवायलाच येतो.

आधी भीतीचं. व्हेल शार्क हा जगातला सर्वात मोठा मासा. तोंड दीड मीटरपर्यंत रुंद उघडतं आणि खातो काय, तर प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव), माशांची अंडी, बारीक कोळंबी. पाणी आत घ्यायचं, कल्ल्यांतून गाळून सोडायचं. दात आहेत, पण इवलेसे आणि खाण्याच्या कामाला न येणारे. आपल्याला धोका त्याच्या जबड्यापासून नाही, शेपटीपासून आहे. तो मुद्दाम मारत नाही, पण मागे कोण आहे हे तो बघतही नाही.

मालदीवमध्ये व्हेल शार्कसाठी जायचं ते दक्षिण अरी ॲटॉलला (ॲटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं). २००९ साली तो पट्टा संरक्षित सागरी क्षेत्र म्हणून जाहीर झाला. जगात बहुतेक ठिकाणी याचा हंगाम असतो, इथे बारमाही दिसतो. दिसतात ते बहुतांशी वयात न आलेले नर, चार ते आठ मीटरचे. पूर्ण वाढलेला अठरा मीटरपर्यंत जातो, तो इथे सहसा भेटत नाही. सहा मीटर ऐकायला कमी वाटेल, पाण्यात शेजारून जाताना डोकं निघून गेलं तरी अंग संपत नाही तेव्हा कळतं.

रिसॉर्ट घेऊ नका, स्थानिक बेटावर राहा. धिगुरा किंवा धांगेथी. घरगुती गेस्टहाऊस असतात, मालेहून स्पीडबोटीने धिगुराला दोन तासांच्या आसपास लागतात. शुक्रवार सोडून प्रवास ठेवा, त्या दिवशी बोटी फार कमी. मुंबईहून मालेला थेट विमान आहे, तीन तासांच्या आत पोचतं, आणि पर्यटक व्हिसा उतरल्यावर फुकट मिळतो. प्रवासाआधीच्या ९६ तासांत त्यांचा ऑनलाइन फॉर्म तेवढा भरायचा.

आता "दिसेलच असं नाही" हे. एजंट खरं बोललाय, त्याचं मला कौतुक वाटलं. पण मग तो पाच रात्रींत एकच शार्क ट्रिप का टाकतो, हे त्याला विचारा. तीन दिवस बोटीवर जायची तयारी ठेवा. पहिल्याच दिवशी दिसला तर उरलेले पैसे वाचले. माणशी शंभर डॉलरच्या मागेपुढे पडतं, बोटीवर डोकी किती त्यावर ठरतं.

ट्रिप कशी असते ते सांगतो, कारण आईंचा खरा प्रश्न तिथे आहे. बोट प्रवाळाच्या बाहेरच्या कडेने सावकाश जात राहते. टपावर दोन-तीन पोरं पाण्यात सावली शोधत उभी. तासभर काही नाही. ऊन, डिझेलचा वास, लोक पेंगायला लागतात. मग टपावरून आरडाओरडा होतो, बोट वळते, आणि पुढच्या मिनिटभरात तुम्ही मास्क, फिन (पायातले रबरी पंख) लावून काठावर बसलेले असायला हवेत. "जंप" म्हटलं की उडी. पाणी नाकात जातं, बुडबुडे विरतात, आणि खाली बघता तर खाली काहीच नाही. तलावात तळाला फरश्या दिसतात, काळी पट्टी दिसते. इथे निळं पाणी आणि त्यात तिरप्या शिरणाऱ्या उन्हाच्या रेघा, बस. चांगले पोहणारे लोक इथे गडबडतात. हातपाय विसरत नाहीत ते, श्वास विसरतात. स्नॉर्कलमधून (तोंडात धरायची श्वासाची नळी) धापा टाकायला लागलं की दोन मिनिटांत दमछाक होते आणि तोवर शार्क निघून गेलेला असतो.

म्हणून आईंना दम वाढवायला सांगू नका, तो आहेच. त्यांना तलावात स्नॉर्कल लावून लांबच्या लांब, सावकाश पोहायला लावा. फिन लावून, हात न वापरता. तलावाचे लोक फिनला नाही म्हणतात बऱ्याचदा, आधी विचारून घ्या.

चाफेकळी | ८ ऑगस्ट, ०८:१२

बापरे, केवढं लिहिलंत! आईला वाचून दाखवलं. "खाली काहीच नाही" यावर ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "फरश्या मोजत मोजत कंटाळाच आलाय." ओस्लोबबद्दल कोणी सांगेल का? मैत्रिणीने तर तिथेच जा म्हटलंय.

प्लँक्टन | ८ ऑगस्ट, १३:०५

ओस्लोबला शार्क का दिसतोच दिसतो, ते आधी समजून घ्या. तिथे २०११ च्या सुमारापासून त्यांना रोज हाताने खाऊ घालतात. उयाप म्हणतात त्याला, आपल्या जवळ्याच्या जातीचे बारीक झिंगे. सकाळपासून दुपारपर्यंत होड्यांतून मुठी मुठीने पाण्यात सोडतात. मासा होडीपाशी उभा राहतो, तोंड वर करून. पर्यटकांच्या होड्या एका रांगेत बांधलेल्या. मालदीवमध्ये शार्क दिसला तर तुमचं नशीब. ओस्लोबमध्ये तो ड्युटीवर आलेला असतो.

यात बिघडतं काय? एक, होडी म्हणजे खाणं हे त्याच्या डोक्यात बसतं. मग तो दुसऱ्या गावच्या, मोटार असलेल्या होडीपाशीही तोंड वर करून जातो. व्हेल शार्कच्या जखमांत मोटारीच्या पंख्याने कापल्याच्या जखमा आधीच खूप. ओस्लोबमधल्या माशांच्या अंगावर ओरखडे आणि व्रण बरेच आढळले आहेत, दोरांचे, होड्यांचे. दोन, हे मासे भटके. महासागर ओलांडतात, खोल बुड्या मारतात. इथे त्यातले काही महिनोनमहिने उथळ, कोमट पाण्यात रेंगाळतात. तीन, त्या किनाऱ्यावरच्या प्रवाळावर एवढ्या माणसांचा भार पडतो तो वेगळाच. २०१६ पासून हा मासा जागतिक यादीत धोक्यात आलेला म्हणून नोंदला आहे, त्यामुळे "एवढ्याने काय होतंय" म्हणायला जागा उरलेली नाही.

फिलिपिन्सलाच जायचं असेल तर डोनसोलला जा. तिथे १९९८ पासून गावातल्याच लोकांना शिकवून वाटाडे केलं आहे, खाऊ घालणं नाही, हंगाम साधारण डिसेंबर ते मे. पाणी गढूळ असतं, फोटो भारी येणार नाहीत. गढूळ आहे म्हणूनच मासा तिथे येतो, ते त्याचं जेवण आहे.

आमरसपुरी | ८ ऑगस्ट, १३:४४

प्लँक्टनताई, दोन मुठी जवळा टाकला तर एवढा मोठा प्राणी बिघडतो? आम्ही दोघं गेलो होतो, तिथले लोक गरीब, सगळं गाव त्यावर जगतंय. नियम सांगतात, शिट्ट्या मारतात, हात लावू देत नाहीत. कबुतरांना दाणे टाकतो तसंच आहे की.

ढोबळी_मिरची | ८ ऑगस्ट, १३:४६

झालं. आता धागा दादरला कबुतरखान्यावर जाणार.

संपादक | ८ ऑगस्ट, १४:३०

कबुतरांविषयीचे प्रतिसाद चालू घडामोडी विभागात हलवले आहेत. इथे समुद्रातच राहावे.

रानजाई | ८ ऑगस्ट, १६:२०

मांता रे (पाकटासारखा पसरट, मोठा मासा) बघायच्या असतील तर मालदीवमध्येच बा ॲटॉलला हनिफारू खाडी आहे. पण चाफेकळी, तुमचा महिना चुकतोय. मांता तिथे मे-जून ते नोव्हेंबर, म्हणजे आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा. नैऋत्य वारे आणि भरती मिळून प्लवक त्या चिंचोळ्या खाडीत ढकलतात, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला जास्त. मग डझनावारी मांता एकामागून एक, तोंड उघडून, कोलांट्या मारत खातात. २०१२ पासून तिथे स्कूबा (हवेची टाकी लावून बुडी) बंद आहे, फक्त स्नॉर्कल, परवानाधारक गाईडबरोबर आणि ४५ मिनिटं. टाकीवाल्यांच्या बुडबुड्यांचा त्यांना त्रास होत होता.

मला विचाराल तर मांता व्हेल शार्कपेक्षा सरस. व्हेल शार्क त्याच्या वाटेने जातो, तुम्ही असलात काय, नसलात काय. मांता वळून बघते. (आणि शेपटीला काटा नसतो. पाकटासारखी दिसते म्हणून लोक घाबरतात.) धारावंधू बेटावर राहा, विमानतळही तिथेच.

पार्लेकर_पर्थ | ८ ऑगस्ट, १८:०२

निंगालूचं कोणी लिहिलं नाही म्हणून. पश्चिम ऑस्ट्रेलियात एक्समथहून बोटी निघतात, मार्च ते जुलै. वरून छोटं विमान फिरतं आणि मासा कुठे आहे ते बोटीला सांगतं. एका वेळी पाण्यात दहाच जण, डोक्यापासून आणि अंगापासून ३ मीटर, शेपटीपासून ४ मीटर. बोटीवर एक माणूस फक्त हे बघायला. दिवसाला चारशे ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर जातात आणि पर्थहून रस्त्याने साडेबाराशे किलोमीटर आहे. आई-बाबा आले तेव्हा नेलं होतं. बाबा बोटीवरच राहिले, सँडविच छान होती म्हणाले.

वेसावकर | ९ ऑगस्ट, २१:३३

पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली, पहिल्या फेऱ्या सुरू झाल्या, म्हणून उशिरा वाचतोय.

आमचं घर मासेमारीवर. मी बोटीवर कमी, बर्फाच्या हिशोबावर जास्त, पण लहानपणापासून समुद्रात जातोय. हा मासा आम्ही पैसे न देता बघितलाय, आणि बघायची इच्छा नसताना.

मागे एकदा रात्री जाळं ओढताना ते जड लागलं. तांडेल (बोटीचा प्रमुख) खूश, म्हटला घोळ असतील, नाहीतर सुरमईचा थवा. टॉर्च मारला तर पाण्याखाली पांढरे ठिपके, ओळीने. आधी कोणी काही बोललंच नाही. मग तांडेलच म्हटला, सुरा काढा. मासा शांत होता, तेच अवघड. धडपडला असता तर एव्हाना जाळं फाटून सुटला असता, इथे तो आपला वजन टाकून पडलेला आणि बोट एका बाजूला कलायला लागलेली. दोघं खलाशी कठड्यावर ओणवे होऊन दोर कापत होते. मी हात लावला त्याला, हो, आता नियम वाचतोय की लावायचा नसतो. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर तळहात सोलतो. कल्ला उघडायचा, मिटायचा. शेवटचा दोर सुटला तेव्हा तो पळाला वगैरे नाही. खाली बसत गेला, ठिपके बारीक बारीक होत.

आता हिशोब. २००१ पासून हा मासा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. मारला तर तुरुंग. त्याआधी गुजरातेत, वेरावळच्या बाजूला शेकड्याने मारायचे, यकृताचं तेल बोटीच्या लाकडाला लावायला आणि मांस बाहेर पाठवायला. मग २००४ पासून तिथे मोहीम झाली, कथाकार मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितलं की ही लेक बाळंतपणाला माहेरी येते, तिला कोणी मारतं का. ते लोकांना पटलं. कायद्याने जे झालं नसतं ते त्या एका वाक्याने झालं. आपल्याकडे आता जाळं कापून सोडला आणि फोटो-व्हिडिओ दिला तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. जाळं त्याच्या कितीतरी पट महाग असतं, पण शून्यापेक्षा बरं.

म्हणून ओस्लोबवाल्या कोळ्यांना शिव्या देताना जरा थांबा. ज्या माशाने जाळं फाटायचं त्याच माशावर पोरं शिकतायत, हे लहान नाही. प्लँक्टनताईंचं म्हणणं पटतं मला, खाऊ घालणं चूकच. पण "तिथे जाऊ नका" एवढं म्हणून तुम्ही मोकळे होता, ते गाव होत नाही. डोनसोलला जाऊन पैसे द्या, मग बोला.

प्लँक्टन | ९ ऑगस्ट, २२:१०

वेसावकर, मान्य. यावर मी वाद घालणार नाही. खाऊ घालणं बंद करायचं तर तिथल्या लोकांना त्याच माशावर दुसरं उत्पन्न हवं, आणि ते पर्यटकानेच द्यायचं आहे. डोनसोलची अडचण हीच की तिथे काही वर्षं मासे भरपूर येतात, काही वर्षं अगदी कमी, आणि मग लोक फेरी रद्द करून ओस्लोबचं तिकीट काढतात.

आमरसपुरी | ९ ऑगस्ट, २२:३१

वेसावकरांचा प्रतिसाद आवडला. मला वाटलं होतं तुम्ही माझ्या बाजूने लिहिताय.

वेसावकर | ९ ऑगस्ट, २२:३४

अर्धा.

डॉ_खुशालचेंडू | १० ऑगस्ट, ०७:१५

आईंसाठी दोन गोष्टी. बोट लागते का ते आधी मांडव्याच्या लाँचने जाऊन बघा, भाऊच्या धक्क्यावरून नाहीतर गेटवेहून. लागत असेल तर अवोमीनची गोळी चढायच्या तासभर आधी, उलटी सुरू झाल्यावर नाही. झोप येते, म्हणून घरी एखाद्या रविवारी घेऊन बघावी, पहिला प्रयोग समुद्रात नको. बीपी, शुगर, हृदयाचं काही असेल तर स्वतःच्या डॉक्टरांना "मी समुद्रात उडी मारणार आहे" अशा शब्दांत सांगा, "फिरायला चालले" असं नको. आणि पूर्ण चेहऱ्याचे ते नवे मास्क मिळतात ना, खिडकीवाले, ते दमछाकीच्या पोहण्याला नकोत. त्यात सोडलेला श्वासच परत आत येऊ शकतो, आणि पाणी शिरलं तर पटकन निघत नाहीत.

लाईफ जॅकेट घालायला लाजू नये. जॅकेट घालून शार्कचा वेग गाठता येत नाही, पण नुसतं वरून बघताही येतं. गाईडकडे तरंगती रिंग असते, ती धरून जा, तो ओढतो.

मावळतीचा_गार_वारा | १० ऑगस्ट, ११:५२

माझा प्रश्न जरा वेगळा. आम्हाला डॉल्फिनसोबत पोहायचं आहे, मुलगी नऊ वर्षांची. कुठे? आणि श्रीलंकेत मिरिसाला ब्लू व्हेलसोबत पोहवतात म्हणे?

रानजाई | १० ऑगस्ट, १२:४०

मिरिसाला बोटीतून बघा, नोव्हेंबर ते एप्रिल. पाण्यात उतरायला खास परवानगी लागते, किनाऱ्यावरचा कोणी "करून देतो" म्हणाला तर तो नियमात बसत नाही. आणि तीस मीटरपर्यंत वाढणाऱ्या प्राण्याशेजारी नऊ वर्षांची मुलगी कशाला?

डॉल्फिनचं म्हणाल तर, टाकीतल्या डॉल्फिनसोबत पोहायचे जे प्रकार परदेशात चालतात तिथे कृपया नेऊ नका. आपल्या सरकारने २०१३ मध्ये डॉल्फिनचे खेळ उभारायलाच मनाई केली, त्याला कारण आहे. मोकळ्या समुद्रातही नियम बदलतायत. हवाईत २०२१ पासून स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्डांच्या आत पोहायला बंदी आहे. ते रात्री खोल पाण्यात शिकार करतात आणि दिवसा उथळ खाडीत विश्रांती घेतात. पर्यटक येतात सकाळी नऊला. म्हणजे नेमके झोपेच्या वेळी.

मुलीला डॉल्फिन दाखवायचेच तर पाऊस संपल्यावर मरीन ड्राइव्हला नाहीतर वरळीला सकाळी दुर्बीण घेऊन बसा. आपल्याकडचे कुबडवाले डॉल्फिन किनाऱ्याजवळ येतात. पाण्यात उतरायचा प्रश्नच नाही, मुंबईचं पाणी आहे ते, स्वतःचा हात दिसत नाही. दापोली, तारकर्ली, गोव्याला जाल तेव्हा बोटवाल्याला आधीच सांगा की पाठलाग करायचा नाही, इंजिन हळू ठेव. चारही बाजूंनी बोटी घातल्या की डॉल्फिन बुडी मारून लांब निघतात, आणि आपण टाळ्या वाजवतो.

चाफेकळी | १० ऑगस्ट, २१:१८

सगळ्यांचे आभार. ओस्लोब बाद. मैत्रिणीला लिंक पाठवली, तिने "ओके" एवढंच लिहिलंय. दक्षिण अरी ठरतंय, जानेवारीत, शुक्रवार टाळून, तीन दिवस बोटीचे. आईला आधी समुद्राची सवय कशी करावी? आणि तिकडे शाकाहारी मिळतं का? आई मासे खात नाही. (हो, माहितीये, ढोबळी, लिहू नका.)

ढोबळी_मिरची | १० ऑगस्ट, २१:१९

लिहीत नाही. फक्त हसतोय.

नीलमणी | १० ऑगस्ट, २३:०६

समुद्राच्या सवयीसाठी मालवणला चिवला बीच. डिसेंबरात तिथे समुद्रात पोहण्याची मोठी स्पर्धा असते, लहान अंतराचे गट असतात, ज्येष्ठांचेही. स्पर्धेत उतरायला हवं असं नाही, पण त्या दिवसांत पाण्यात सुरक्षा बोटी असतात आणि आईंना समवयस्क भेटतील. मुंबई बंदरातल्या संक रॉकपासून गेटवेपर्यंतची स्पर्धा ५ किलोमीटरची आहे, ती एवढ्यात नको. तारकर्लीला स्नॉर्कलिंगही करून घ्या, पाऊस पूर्ण गेल्यावर, पाणी निवळलेलं असेल तेव्हा.

खाणं: सकाळी मासहुनी देतात, ट्यूना, खोबरं, कांदा, सोबत रोशी. रोशी म्हणजे आपली पोळीच. बुकिंग करतानाच ट्यूना नको असं लिहून कळवा, डाळ-भात करून देतात. मेतकूट आणि लोणचं न्याच. स्थानिक बेटावर दारू नाही, आणि पोहण्याचे कपडे ठरावीक किनाऱ्यावरच, गावात अंगभर कपडे. एक गोष्ट एजंट सांगणार नाही: पूजेच्या मूर्ती मालदीवमध्ये नेता येत नाहीत, कस्टम्सच्या यादीत आहे. आईंच्या पर्समध्ये छोटा बाळकृष्ण वगैरे असेल तर तो घरी ठेवा.

सनस्क्रीन चोपडून पाण्यात उतरू नका, लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घ्या. आणि कॅमेरा असेल तर डाव्या बाजूने, कल्ल्याच्या मागचा भाग येईल असा फोटो घ्या, फ्लॅशशिवाय. प्रत्येकाच्या ठिपक्यांची मांडणी निराळी असते. आकाशातल्या ताऱ्यांच्या फोटोंची जुळवाजुळव करायला खगोलवाल्यांनी बनवलेली पद्धत वापरून संशोधक त्यावरून मासा ओळखतात. फोटो त्यांच्या साइटवर टाकलात तर त्या माशाची आधीची नोंद असल्यास कळते, कुठे, कधी, कोणी पाहिला होता ते.

तिथली गर्दीही सांगून ठेवतो, नाहीतर मला शिव्या घालाल. एक शार्क आणि आसपासच्या रिसॉर्टच्या बोटी धावत आलेल्या, असं होतं. पाण्यात चाळीस फिन एकमेकांच्या तोंडावर. नियम आहेत, पाळतातच असं नाही. सकाळची पहिली बोट पकडा, आणि गर्दी झाली की तुमच्या गाईडला बाजूला घ्यायला सांगा. शार्कच्या मागे पोहू नका, तो आळसावलेला दिसतो पण तुम्हाला गाठता येणार नाही. बाजूच्या कल्ल्याजवळच्या पंखाच्या रेषेत, तीन मीटर लांब. खाली गेला की संपलं, परत बोटीवर.

चाफेकळी | ११ ऑगस्ट, ०९:०३

बाळकृष्ण खरंच आहे पर्समध्ये! तुम्हाला कसं कळलं? आता शेवटचं. आईला चष्मा आहे, उणे साडेचार दोन्ही डोळ्यांना, शिवाय वाचायचा वेगळा. मास्कचं काय करायचं?

डॉ_खुशालचेंडू | ११ ऑगस्ट, ०९:४०

कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात नको, पाणी शिरलं तर जंतुसंसर्ग.

नीलमणी | ११ ऑगस्ट, १०:२५

नंबरच्या काचा बसवलेले मास्क मिळतात, उणे नंबर सहज. अर्ध्या-अर्ध्याने येतात, साडेचार मिळेल. तिरपा नंबर असेल तर तो धरत नाहीत, पण पाण्यात वस्तू तशाही एक तृतीयांश मोठ्या दिसतात, त्यामुळे अडत नाही. वाचायचा नंबर सोडून द्या, तिथे काही वाचायचं नसतं. भाड्याचा मास्क नको, स्वतःचा घ्या आणि दुकानात बघूनच घ्या, ऑनलाइन नाही. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा, हात सोडायचे. पडला नाही तर तो तुमचा. नव्या काचेला आतून टूथपेस्ट चोळून धुवा, नाहीतर पहिल्याच उडीत धुकं.